एक्स्टेंडर तिसऱ्यांदा बदलण्याआधी भिंतीतली केबल बघा

अठरा मीटरवर प्रोजेक्टर, एचडीबेसटी एक्स्टेंडरची नवी जोडी (एचडीएमआयचं चित्र नेटवर्क केबलवरून लांब नेणारी दोन खोकी, एक पाठवणारं आणि एक घेणारं, म्हणजे रिसीव्हर), भिंतीतलाच जुना नेटवर्क पॉइंट आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन सेकंद काळा पडदा. ही तक्रार मांडणारी तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या प्रशिक्षण हॉलमधले ते तीन महिने आठवले. अगदी हेच भोगलंय.

भिंतीत कॅट ६ नेटवर्क केबल आहेच, मग नवी कशाला ओढायची, असं मी ठरवलं, आणि सगळं तिथेच फसलं. पुरवठादाराच्या सेवा विभागाने दोनदा खोकी बदलून दिली. दर वेळी तोच फॉर्म, तेच फोटो, पुन्हा पंधरा दिवस वाट. "केबल टेस्ट केली आहे ना?" एवढंच विचारायचे. मी हो म्हणायचो, कारण टेस्टरवर आठही दिवे लागत होते. पण आठ दिवे लागले म्हणजे आठ तारा जोडलेल्या आहेत, एवढंच. त्यातून जाणारा सिग्नल किती बिघडतो हे तो साधा टेस्टर सांगतच नाही. रोज हेच काम करणाऱ्यांनी हे सांगायला नको? अजून राग येतो.

शेवटी मीच फॉल्स सीलिंगची टाइल सरकवली. मध्ये कपलर लावून दोन केबल जोडलेल्या, आणि त्या लाइटच्या वायरला टायने आवळलेल्या. टोक कापून एक तार ब्लेडने खरवडली, तर तांब्याचा रंग निघून आत पांढरीफटक. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा.

तेव्हा माझं मत ठाम आहे: शुद्ध तांब्याची, सॉलिड (एकसंध) तारेची, शील्डेड (आत धातूचं कवच असलेली) कॅट ६ए केबल खोक्यापासून खोक्यापर्यंत अखंड ओढा. मध्ये कपलर नको, पॅच पॅनल (केबल जोडायची सॉकेटची पट्टी) नको. शील्डेड घेतलीत तर दोन्ही टोकांचे कनेक्टरही शील्डेडच हवेत. विजेच्या वायरपासून लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात. आणि सॉकेट आरजे४५, म्हणजे नेटवर्कचंच, दिसलं म्हणून नेटवर्क स्विचमध्ये खुपसू नका, एचडीबेसटी म्हणजे इथरनेट नव्हे. (आयपीवर चालणारे एक्स्टेंडर वेगळे, त्यांना स्विच चालतो.) खोक्यावरचा '१०० मीटर' हा आकडाही नीट वाचा. बऱ्याचदा तो १०८०पीसाठी असतो, फोरकेला त्याच जोडीचा पल्ला ७० किंवा त्याहून कमी निघतो.

बसवताना रिसीव्हर प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नका, ही खोकी स्वतःच बरीच तापतात. एचडीएमआयच्या प्लगला खटका नसतो, त्यामुळे लोंबत्या केबलच्या वजनाने तो हळूहळू सुटतो. रिसीव्हर ब्रॅकेटला पक्का करा, छोटी केबल थोडी सैल सोडून शेजारी बांधा. त्या छोट्या केबलही तपासा, आमची एक खराबच निघाली होती.

मी इलेक्ट्रिशियन नाही. सीलिंगमध्ये विजेच्या वायरला हात लावायचा तर जाणत्याला बोलवा. पण एक गोष्ट आजच करता येईल. दोन्ही खोकी टेबलावर घ्या, मध्ये दोन मीटरची तयार पॅच केबल लावा, रिसीव्हरला एखादा मॉनिटर जोडा आणि तासभर व्हिडिओ चालू ठेवा. पडदा एकदाही काळा झाला नाही, तर खोकी परत पाठवू नका, टाइल उघडा. आणि केबलच्या आवरणावर काय छापलंय ते इथे लिहा.