तांदळाच्या डब्यातली पट्टी

"गोळी बंद केली की चक्कर येते, म्हणजे मला तिची सवयच लागली ना?" कणकवलीत समुपदेशनाला बसते तेव्हा हा प्रश्न सारखा कानावर येतो. गेल्या गणपतीनंतर तो घेऊन एक सून आली, सोबत सासू. दोघींच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

सून तिशीतली, नवरा मुंबईला नोकरीला. मे महिन्यात एसटीत बसली असताना अचानक छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, आता आपलं संपलं असं वाटलं. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं नीट होतं. तरी झटके येतच राहिले आणि तिने एसटीत चढणंच सोडलं. मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डरचं, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याच्या आजाराचं, निदान करून एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरच्या औषधांतलं एक औषध सुरू केलं, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि घालमेल. बरेच जण इथेच गोळी टाकतात, कारण त्रास आधी येतो आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ही टिकली. आषाढ सरता सरता एकटी एसटीने माहेरी जाऊन आली.

मग गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं. तांदळाच्या डब्यात लपवलेली गोळ्यांची पट्टी जावेच्या हाती लागेल या भीतीने तिने ती फेकून दिली. तीन-चार दिवसांत गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात वीज सरकल्यासारखं व्हायचं, रात्री भलतीसलती स्वप्नं.

"ह्या डोक्याचा औषध आसा," सासू म्हणाल्या. "एकदा लागला काय सुटणा नाय."

त्यांच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे, म्हणून आपल्याकडे "ह्याला रत्नागिरीला पाठवा" हे वाक्य शिवीसारखं वापरलं जातं. ते ऐकतच त्या म्हाताऱ्या झाल्या.

मी समजावलं ते असं. सवय लागते तेव्हा माणसाला तलफ येते, डोस वाढवावासा वाटतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. सुनेचं यातलं काहीच नव्हतं. मेंदू सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका पातळीला सरावला होता आणि औषध एकदम काढल्याने तो गडबडला. डोस पायरीपायरीने उतरवला की हा त्रास बहुतेकांना कमी होतो. सुरुवातीचे दोन आठवडे तिला क्लोनाझेपाम ही लगेच शांत करणारी गोळीही होती. सवय लागू शकते ती त्या गोळीची, म्हणूनच डॉक्टरांनी ती लवकर थांबवली. लोक दोन्हींना "झोपेची गोळी" म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो.

सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली: मधुमेहाच्या गोळ्या आणि "पायांची आग होता, त्येची". मी पट्टी उलटून नाव वाचलं. ड्युलोक्सेटिन.

क्षणभर वाटलं, सांगू नये. घाबरून बंद करतील. पण रोज पोटात जाणारं औषध काय आहे हे कळण्याचा त्यांना हक्क आहे.

"काकी, ही गोळीसुद्धा नैराश्यावरच्याच औषधांतली आहे."

"म्हणजे डॉक्टरान माका पण खुळी समाजल्यान?"

"नाही हो. मधुमेहाने नसा दुखावल्या की पायांची आग होते. तो दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच मंद करायचं काम ही गोळी करते."

या औषधांचं नावच घात करतं. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनने नैराश्य हटतं असं मांडलं, आणि पुढच्या सगळ्यांना "नैराश्यावरचं औषध" हेच नाव चिकटलं. आज फ्लुओक्सेटिन आणि सर्ट्रालिन मंत्रचळालाही देतात, अमिट्रिप्टिलिन थोड्या डोसात अर्धशिशी टाळायला, ब्युप्रोपिऑन सिगारेट सोडायला. पट्टीवरचं नाव मोबाईलवर शोधून आपला आजार ठरवू नका. गोळी कशासाठी दिली ते डॉक्टरांनाच विचारा.

सुनेने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी पुन्हा सुरू करून दिली आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायला सांगितलं. मी तिला बजावलं की दुखण्यावरची कुठलीही गोळी घेण्याआधी हे औषध चालू असल्याचं सांगायचं. पूर्वी कधी झोपेशिवायही अंगात अफाट उत्साह संचारल्याचे दिवस आले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं लागतं. पंचविशीच्या आतल्या मुलांवर हे औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे.

निघताना सासूबाई दारात थांबल्या. "माझी पण अशीच हळूहळू बंद करूची लागतली?"

"होय. आणि डॉक्टरांना विचारूनच."

त्यांनी थैलीची गाठ सोडली आणि सुनेपुढे धरली. "मगे तुझी तांदळात कित्याक? हयच ठेय, माझ्या वांगडा."