ग्रहण सेकंदाला बरोबर, मग पाऊसच का हुकतो?

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळा आधीच छापून तयार असतात. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त दिसेल, हेही ठाऊक असतं. पण पुढच्या दहा दिवसांचा पाऊस धड सांगता येत नाही. दोन्हीकडे भौतिकशास्त्रच आहे ना? की हवामानाचे नियम अजून नीट कळलेले नाहीत? (सातारा)

उत्तर : हवा कशी वाहते, वाफेचं पाणी कसं होतं, याचे मूळ नियम चांगले माहीत आहेत. नियम माहीत असणं आणि भाकीत करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. खरा प्रश्न असा विचारायचा : सुरुवातीच्या मोजमापात थोडी चूक राहिली, तर ती पुढे किती वेगाने वाढते?

हे कॅल्क्युलेटरवर पाहता येतं. ० आणि १ यांमधला एक आकडा घ्या आणि हा नियम पुन्हा पुन्हा लावा : नवा आकडा = ४ × जुना × (१ − जुना). ०.३ पासून निघालात तर ०.८४, ०.५३७६, ०.९९४३... असे आकडे येतात. आता ०.३००१ पासून निघा. पाचव्या पायरीला पहिल्या माळेत ०.०८८ आणि दुसरीत ०.०८६, म्हणजे फारसं बिघडलेलं नाही. आठव्या पायरीला ०.४४८ आणि ०.४७५. बाराव्या पायरीला मात्र ०.५५४ आणि ०.१४७! नियमात नशिबाचा कणही नाही, तरी दोन्ही माळांचा एकमेकींशी संबंध तुटला. अशा व्यवस्थेला केऑटिक म्हणतात.

करताना दोन चुका हमखास होतात. एक, प्रत्येक पायरीला तीन दशांशांपर्यंत आकडा छाटणं; ती छाटणीच नवी चूक म्हणून आत शिरते. दुसरी, ०.५ किंवा ०.७५ पासून सुरुवात करणं. ०.५ वरून १ येतो आणि मग कायमचं शून्य, ०.७५ तर जागचा हलतच नाही.

आता नियमातल्या ४ च्या जागी २.५ घाला. ० आणि १ सोडून मधल्या कुठल्याही आकड्यापासून निघा, माळ ०.६ वर येऊन थांबते. इथे चूक आपोआप विरते. ३.२ घातलं की ती शेवटी ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यात आलटून पालटून फिरत राहते. सूत्र एकच, एक आकडा बदलला की स्वभाव बदलतो. म्हणून यंत्र किंवा निसर्गातली घटना नुसती पाहून तिचा प्रकार ठरवू नये. ती कोणत्या स्थितीत चालली आहे ते आधी पाहावं.

४ च्या नियमात चूक दर पायरीला सरासरी दुप्पट होते. मोजमाप हजारपट अचूक केलं तरी पदरात जेमतेम दहा पायऱ्या जास्त पडतात, कारण दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४. हवामानाचंही असंच आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ संगणकावर हवेचं सोपं गणित चालवत होते. ०.५०६१२७ ऐवजी त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ भरला आणि थोड्या वेळात सगळं हवामानच वेगळं झालं. उपकरणं कितीही सुधारली तरी रोजच्या हवामानाच्या तपशीलवार अंदाजाची मर्यादा सुमारे दोन आठवडे मानतात, ती यामुळेच.

यावर उपाय म्हणून एकच गणित किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून अनेकदा चालवतात. युरोपातल्या देशांचं सामायिक हवामान अंदाज केंद्र मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी एका वेळी अशी ५१ गणितं चालवतं. त्यांतली बहुतेक एकाच उत्तराकडे आली तर अंदाज भरवशाचा. फाकली तर त्या आठवड्याचं हवामानच अवघड आहे असं समजावं. म्हणून फवारणीसारखी कामं पहिल्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर ठरवा, दहाव्या दिवसाच्या आकड्यावर नव्हे.

आणि ग्रहण? ग्रहमालाही केऑटिकच आहे, तिचं घड्याळ फक्त फार संथ आहे. १९८९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅक लास्कर यांनी दाखवलं की पृथ्वीच्या जागेतली चूक दर एक कोटी वर्षांत साधारण दसपट होते. आज १५ मीटरची चूक असेल तर दहा कोटी वर्षांनी ती १५ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराएवढी. २०२७ तर अगदी उंबरठ्यावर आहे.

प्रश्न : वेड्यावाकड्या आकड्यांची माळ समोर आली, तर ती केऑटिक की निव्वळ यादृच्छिक (फाशासारखी नशिबावर चालणारी), हे घरी ओळखता येतं का? (बेळगाव)

उत्तर : साध्या प्रकारांत येतं. आलेख कागदावर आत्ताचा आकडा आडव्या अक्षावर, त्याच्या पुढचा उभ्या अक्षावर घेऊन ठिपका द्या. मग दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, असं शंभर-दोनशे ठिपक्यांपर्यंत. वरच्या नियमातले ठिपके उपड्या कढईसारख्या वक्रावर तंतोतंत बसतात. फाशाचे आकडे चौकटभर विखुरतात. वीस ठिपक्यांवर निकाल देऊ नका. आणि हवामानासारखी अनेक घटकांची माळ केऑटिक असूनही विखुरलेलीच दिसते, म्हणून आकार न दिसणं हा यादृच्छिकतेचा पुरावा नव्हे.

खऱ्या यादृच्छिक व्यवस्थेचा जमाव मात्र शिस्तीचा असतो. थायरॉइडच्या उपचारातल्या आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचा एखादा अणू कधी फुटेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पण आठ दिवसांत त्यातले निम्मे फुटतात आणि ऐंशी दिवसांनी हजारातला जेमतेम एक उरतो. फुटणारे अणू मोजणाऱ्या यंत्रावर १०० नोंदी आल्या तर सुमारे १० चा चढउतार धरायचा, १०,००० आल्या तर १०० चा. नोंदींचं वर्गमूळ काढलं की झालं.

प्रश्न : मग कांद्याचा भाव कोणत्या प्रकारात? (लासलगाव)

उत्तर : वरच्या कशातच नाही. ढगाला अंदाज ऐकू येत नाही, शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला येतो. भाव चढणार असं जाहीर झालं की चाळीतला उन्हाळ कांदा रोखून धरला जातो, पुढच्या हंगामात लागवड वाढते, आणि तो माल एकदम बाजारात आला की भाव पडतो. अंदाजच व्यवस्थेचा भाग होतो. त्यात निर्यातीचा एखादा निर्णय आला की सगळी घडी बदलते. म्हणून भावाचा नेमका आकडा देणाऱ्यावर विसंबू नका. लागवडीचं क्षेत्र, चाळीत शिल्लक माल आणि बाजार समितीतली रोजची आवक, या तीन गोष्टी मोजता येतात. त्या पाहून माल तीन-चार टप्प्यांत विका, सगळा एका दिवशी नको.