मीटरवर मजुरी दिली की कामगार जास्त कापड काढतो का?

"मीटरवर मजुरी दिली की कामगार जास्त राबतो, असं अर्थशास्त्र सांगतं. मग इचलकरंजी-भिवंडीचे साधे यंत्रमाग अजून मागासच का?" असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: माग मागास राहण्यात या मजुरीपद्धतीचाच मोठा वाटा आहे.

हिशोब बघा. साधा माग मिनिटाला 120 पीक मारतो, म्हणजे 120 आडवे धागे विणतो, असं धरू. 52 पिकाचं (इंचाला 52 आडवे धागे) कापड म्हणजे मीटरला साधारण 2,047 पीक. माग क्षणभरही न थांबता एका मीटरला 17 मिनिटं लागतात, 12 तासांच्या पाळीत फार तर 42 मीटर. मागाचा वेग ठरलेला, त्यामुळे कितीही जीव तोडला तरी 43वा मीटर निघत नाही. कामगाराच्या हातात एवढंच की कांडी (धोट्यातली आडव्या धाग्याची गुंडाळी) वेळेवर बदलायची आणि थांबलेला माग लवकर सुरू करायचा.

आता माग थांबतो कशानं? सायझिंगला, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ देताना, कांजी कमी बसली की तार (उभा धागा) केसाळ होऊन तुटते. एप्रिल-मे महिन्यात शेडमधली हवा कोरडी पडते. सुती विणकामाला 75-80 टक्के आर्द्रता लागते, ती नसली की तुटी वाढतात. उभे धागे वेगळे ठेवणारी फणी झिजली किंवा आडवा धागा नेणारा धोटा खरबरीत झाला की तो तार कापतो. बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपला की नव्या बीमचे धागे मागावर लावणाऱ्या वहिफणीवाल्याची वाट बघा. वीज गेली की सगळंच बंद. यातलं काय कामगार ठरवतो? मागामागे तासाला 10 मिनिटं गेली तर पाळीत 7 मीटर बुडाले, चार मागांवर 28. कापड कारखानदाराचंही घटतं, पण बंद मागाची मजुरी त्याला द्यावी लागत नाही. म्हणून तार तुटताच माग थांबवणारी वार्प स्टॉप मोशन "पुढच्या वर्षी बघू" म्हणून राहते. ती नसली की तुटक्या तारेसकट माग चालतच राहतो, कापडात उभी रेघ पडते आणि त्याची कपात पुन्हा कामगाराच्याच माथी. हे सगळं डोळ्यांसमोर असताना "आपले कामगार कामचुकार" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

धोरणाचंही असंच उलटं झालं. हातमाग वाचवायचा म्हणून 1950च्या दशकात गिरण्यांना माग वाढवायला आडकाठी घातली. फायदा हातमागाऐवजी यंत्रमागाला झाला, तोही लहान लहान शेडमधल्या साध्या मागांना.

कारखानदार असाल तर प्रत्येक मागाला वही लावा: तार, कांडी, बीम, वीज, जॉबर (माग दुरुस्त करणारा), यांपैकी कशानं किती मिनिटं गेली. बीम, वीज आणि जॉबरची मिनिटं भरपाई म्हणून मजुरीत धरा. दोन महिन्यांत सायझिंगवाल्याशी भांडायला तुमच्याकडे आकडे असतील.

एक मात्र मान्य करायला हवं. खर्चीवाल्याला, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या कारखानदाराला, व्यापारी पैसे देतो तेही पिकावरच, म्हणजे विणून निघालेल्या कापडावरच. त्याच्यावर एकट्यावर भरपाई लादली तर तो माग भंगारात काढेल. म्हणून बीम वेळेवर न पोचल्याची भरपाई व्यापाऱ्याच्या करारात लिहून घ्या.