टीना टर्नरचा ‘फॉरेन अफेअर’: ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेत एकतिसावा, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टीना टर्नरचा ‘फॉरेन अफेअर’ (१९८९) ब्रिटनच्या अल्बम चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेला, पण अमेरिकेत ३१ च्या वर चढला नाही. गायिका अमेरिकन, लेबल कॅपिटल म्हणजे तेही अमेरिकेतलं, मग अल्बम घरीच आपटला म्हणायचं का? आणि असं आणखी कुणाचं झालंय का?

आपटला असं मी म्हणणार नाही, पण १९८४ च्या तिच्या ‘प्रायव्हेट डान्सर’ या अल्बमच्या मानाने बराच घसरला, हे खरं. मात्र प्रश्नामागे जे गृहीत आहे तेच आधी तपासायला हवं. टीना ही अमेरिकेत मोठी आणि तिथून युरोपात पोचलेली गायिका, असं आपण धरून चालतो. तिचे चार्ट ओळीने मांडले तर चित्र उलटं दिसतं. १९६६ चं ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ अमेरिकेत ८८ वर अडकलं आणि ब्रिटनमध्ये ३ वर गेलं. १९७३ चं ‘नटबुश सिटी लिमिट्स’ अमेरिकेत २२, ब्रिटनमध्ये ४. १९८३ च्या शेवटी आलेलं ‘लेट्स स्टे टुगेदर’ अमेरिकेत २६, ब्रिटनमध्ये ६. नंतरचा ‘वाइल्डेस्ट ड्रीम्स’ (१९९६) हा अल्बम अमेरिकेत ६१, ब्रिटनमध्ये ४. म्हणजे परदेशात वर आणि घरी खाली असं तिच्या बाबतीत बऱ्याचदा घडलं. त्याला अपवाद आहेत, पण सगळ्यात ठळक १९८४ चा. त्या वर्षी ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ अमेरिकेत तीन आठवडे पहिलं राहिलं आणि ‘प्रायव्हेट डान्सर’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ‘फॉरेन अफेअर’ची तुलना आपण त्या एका वर्षाशी करतो, म्हणून तो पडल्यासारखा वाटतो.

त्यातही ‘प्रायव्हेट डान्सर’ला अमेरिकन अल्बम म्हणणं कठीण आहे. नवरा आणि गाण्यातला जोडीदार आइक टर्नर याच्यापासून १९७६ मध्ये वेगळी झाल्यावर टीनाचे ‘रफ’ आणि ‘लव्ह एक्स्प्लोजन’ हे दोन अल्बम आले आणि कुणाच्या लक्षातही न येता गेले. तिला पुन्हा स्टुडिओत उभं केलं ते ब्रिटिश मंडळींनी. शेफिल्डचा मार्टिन वेअर आणि त्याचा साथीदार इयन क्रेग मार्श यांनी १९८२ मध्ये आपल्या ‘ब्रिटिश इलेक्ट्रिक फाउंडेशन’ या संगीत प्रकल्पासाठी तिच्याकडून सिंथेसायझरवर ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’ गाऊन घेतलं. ‘लेट्स स्टे टुगेदर’ हा त्याचाच पुढचा टप्पा. ते ब्रिटनमध्ये चाललं म्हणून पूर्ण अल्बमला हिरवा कंदील मिळाला, आणि तो इंग्लंडमध्ये जेमतेम दोन आठवड्यांत ध्वनिमुद्रित झाला. टेरी ब्रिटन, ग्रॅहम लाइल, रूपर्ट हाइन, मार्क नॉप्फ्लर ही गीतकार-निर्मात्यांची नावं तिकडचीच. मॅनेजर रॉजर डेव्हिस ऑस्ट्रेलियन. आवाज टेनेसीचा आणि त्याभोवतीची चौकट लंडनची. युरोपने तो आवाज आपला मानला यात नवल नाही.

आता ‘फॉरेन अफेअर’कडे. बहुतेक गाण्यांचा निर्माता डॅन हार्टमन. जेम्स ब्राउनचं ‘लिव्हिंग इन अमेरिका’ त्यानेच चार्ली मिडनाइटबरोबर लिहिलं आणि निर्माण केलं होतं, म्हणजे मुरलेला सोल आवाज चकचकीत पॉपमध्ये कसा बसवायचा याचा त्याला अनुभव होता. पण या अल्बमचं वजन मला दुसऱ्याच माणसात दिसतं: लुइझियानाचा टोनी जो व्हाइट. बारापैकी चार गाणी त्याची: ‘स्टीमी विंडोज’, ‘यू नो हू’, ‘अंडरकव्हर एजंट फॉर द ब्लूज’ आणि शीर्षकगीत. दलदलीच्या मुलखातला तो सुस्त, खालच्या पट्टीतला गिटारचा ठेका टीनाच्या आवाजाला फार मानवतो. ‘अंडरकव्हर एजंट’मध्ये ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि आवाज फोडायची घाई करत नाही. आइकच्या काळात तिला सतत चढ्या सुरात, जवळपास किंचाळत गावं लागायचं. त्यानंतर हा संयम ऐकणं हाच या अल्बमचा मोठा आनंद आहे. लोक ‘द बेस्ट’ ऐकून थांबतात, ते मला पटत नाही.

तरी ‘द बेस्ट’वर थांबायला हवं, कारण परदेशातल्या यशाची गुरुकिल्ली तिथे आहे. गाणं माइक चॅपमन आणि हॉली नाइट यांचं. आधी १९८८ मध्ये बॉनी टायलरने ते गायलं, तेव्हा ब्रिटनमध्ये ९५ व्या क्रमांकावर जाऊन विरलं. वर्षभरात तेच गाणं टीनाच्या आवाजात तिथे ५ वर गेलं (अमेरिकेत १५). फरक फक्त गळ्याचा नाही. टीनाने गाणं घेताना दोन बदल मागितले: मधे एक नवा तुकडा, ज्याला ब्रिज म्हणतात, आणि त्यानंतर पट्टी बदलून वर जाणं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ लावून पाहा. टायलरच्या गाण्यात अंतरा, चढण, ध्रुवपद असं चक्र फिरत राहतं आणि तिसऱ्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा त्यात नवीन काहीच उरलेलं नसतं. टीनाच्या गाण्यात दुसऱ्या ध्रुवपदानंतर ब्रिज येतो, सूर क्षणभर असुरक्षित होतो, मग एडगर विंटरचा सॅक्सोफोन आणि त्यानंतर ध्रुवपद वरच्या पट्टीत. स्टेडियममधले लोक उभे राहतात ते याच वळणावर. (हार्टमन सत्तरच्या दशकात एडगर विंटरच्याच बँडमध्ये होता, त्यामुळे हा सॅक्सोफोन कुठून आला ते कळतं.)

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर एक खबरदारी घ्या. बहुतेक वेळा संकलनातली, चार मिनिटांच्या आसपासची सिंगल (म्हणजे सुटं गाणं म्हणून विकलेली) आवृत्ती वाजते. अल्बममधली साडेपाच मिनिटांच्या घरात जाते आणि तिच्यात शेवटचा भाग मोकळा श्वास घेतो. लांबी पाहूनच लावा. २०२१ मध्ये या अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली आहे. तिच्यात बार्सिलोनाचा १९९० चा कार्यक्रमही आहे. तो पाहिला की पुढचा मुद्दा आपोआप कळेल.

मुद्दा रेडिओचा आणि दौऱ्याचा आहे. अमेरिकेत त्या काळी रेडिओ कप्प्याकप्प्यांत वाटलेला होता: टॉप ४०, रॉक, कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीचं ‘अर्बन’, आणि मध्यमवयीन श्रोत्यांसाठीचं ‘अॅडल्ट कंटेम्पररी’. टीना यातल्या कुठल्याच कप्प्यात नीट बसत नव्हती. अर्बन स्टेशनांना ती रॉकवाली वाटे, रॉक स्टेशनं कृष्णवर्णीय गायिका क्वचितच वाजवत, आणि टॉप ४० तेव्हा तरुण नृत्यसंगीताकडे झुकलेलं होतं. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये ती पन्नाशीची झाली. उरलं अॅडल्ट कंटेम्पररी. ‘लुक मी इन द हार्ट’ तिथे चाललं, पण मुख्य चार्टवर आलंच नाही. १९६६ मध्ये ‘रिव्हर डीप’चंही असंच झालं होतं: गोऱ्यांच्या स्टेशनांना ते फार काळं वाटलं आणि काळ्यांच्या स्टेशनांना फार पॉप.

हे क्रमांकात कसं उतरतं ते पाहा. अमेरिकेच्या ‘हॉट १००’ या मुख्य सिंगल्स चार्टमध्ये विक्रीबरोबर रेडिओवरचं वाजणंही मोजलं जातं. ब्रिटनचा सिंगल्स चार्ट तेव्हा निव्वळ विक्रीवर चालायचा. त्यामुळे अमेरिकेत रेडिओने पाठ फिरवली की सिंगलला दुहेरी फटका बसतो: वाजणं कमी म्हणून गुण कमी, आणि कानावर न पडल्यामुळे खपही कमी. ब्रिटनमध्ये बीबीसीचं एकटं ‘रेडिओ १’ देशभर ऐकलं जाई, जोडीला टीव्हीवरचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम. कप्प्यांची अडचण तिथे फार कमी होती.

मग सिंगल्सचं नियोजन. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात पाच सिंगल्स सोडली गेली: ‘द बेस्ट’ (५), ‘आय डोन्ट वॉना लूज यू’ (८), ‘स्टीमी विंडोज’ (१३), ‘लुक मी इन द हार्ट’ (३१), ‘बी टेंडर विथ मी बेबी’ (२८). शेवटची दोन फार वर गेली नाहीत, आणि ती जावीत हा हेतूही नसावा. त्यांचं काम अल्बम दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवण्याचं होतं. दुसरं सिंगल बरोबर नोव्हेंबरात आलं, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. आणि १९९० च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंतचा शंभराहून जास्त कार्यक्रमांचा दौरा संपूर्ण युरोपात झाला. अमेरिकेत तो गेलाच नाही. तिकडे रेडिओ नाही आणि मंचही नाही, तर लोकांनी अल्बम घ्यावा कशावरून?

आता आकडे वाचण्याबद्दल, कारण इथे हमखास घोळ होतो. ‘फॉरेन अफेअर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर किती काळ होता? एकच आठवडा, ३० सप्टेंबर १९८९ ला संपणारा. पुढच्या आठवड्यात ‘टिअर्स फॉर फिअर्स’ने जागा घेतली. पण ब्रिटनमध्ये या अल्बमला पाचपट प्लॅटिनम मिळालं, म्हणजे ५ × ३ लाख = १५ लाख प्रती. सर्वोच्च क्रमांक एका आठवड्याची चुरस सांगतो, एकूण खप सांगत नाही. क्रमांक आणि प्रमाणपत्र नेहमी शेजारी ठेवूनच पाहावं. तारखा जुळवतानाही लक्षात ठेवा: ब्रिटिश चार्टवरची जुनी तारीख आठवडा संपल्याची, शनिवारची असते. चार्ट त्याआधीच्या रविवारी जाहीर झालेला असतो. दोन ठिकाणी सहा दिवसांचा फरक दिसला तर बहुधा कारण हेच.

अमेरिकेत प्रमाणपत्र गोल्ड, म्हणजे ५ लाख. ब्रिटनची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ७० लाखांच्या आसपास, अमेरिकेची २४ कोटी ७० लाखांच्या. भागाकार केला तर ब्रिटनमध्ये दर ३८ माणसांमागे एक प्रत, अमेरिकेत दर ४९४ माणसांमागे एक. एक आणि एकतीस या क्रमांकांतून हे अंतर कधीच कळलं नसतं. मात्र प्रमाणपत्र म्हणजे किमान मर्यादा. शिवाय ते दुकानांकडे पाठवलेल्या मालावर मिळत असे, आणि अमेरिकेत कंपनीने स्वतः अर्ज करून, पैसे भरून हिशेबतपासणी करून घेतली तरच मिळतं. त्यामुळे अमेरिकेतला खरा आकडा थोडा वर असू शकतो, पण तेरापट अंतर त्याने भरून निघत नाही. आजचे निकष जुन्या अल्बमला लावू नका. जर्मनीत १९९९ पर्यंत गोल्डसाठी अडीच लाख आणि प्लॅटिनमसाठी पाच लाख प्रती लागत. नंतर ते निकष खूप खाली आले.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जानेवारी १९८९ पासून ब्रिटनने अनेक गायकांची मिळून केलेली संकलनं मुख्य अल्बम चार्टमधून काढून वेगळ्या चार्टमध्ये टाकली. त्याआधीच्या काळात ही संकलनं वरच्या जागा अडवून बसत. म्हणून १९८८ आणि १९८९ मधल्या क्रमांकांची थेट तुलना करताना सावध राहावं. एकाच गायकाचं संकलन मात्र मुख्य चार्टमध्येच राहिलं, आणि याचा फायदा टीनाच्या ‘सिंप्ली द बेस्ट’ला (१९९१) झाला: ब्रिटनमध्ये २ रा क्रमांक आणि आठपट प्लॅटिनम. अमेरिकेत तेच संकलन ११३ वर थांबलं. घसरण एका अल्बमपुरती नव्हती, हे यावरून पक्कं होतं.

आणखी कुणाचं झालंय का, तर जवळचं उदाहरण डिऑन वॉरविकचं. तिचा ‘हार्टब्रेकर’ (१९८२) ‘बी जीज’ या ब्रिटिश बँडच्या मंडळींनी लिहून, निर्माण करून दिला. अल्बम ब्रिटनमध्ये ३, अमेरिकेत २५. शीर्षकगीत ब्रिटनमध्ये २, अमेरिकेत १०. साचा तोच: साठच्या दशकात नाव झालेली अमेरिकन गायिका, बाहेरचे गीतकार, आणि त्या गीतकारांच्या बाजारात जास्त दाद. फरक एवढाच की डिऑनला अमेरिकन रेडिओवर हक्काचा कप्पा होता, म्हणून दरी लहान राहिली.

टीना पुढे युरोपातच राहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून झुरिकजवळ, २०१३ मध्ये स्विस नागरिकत्व, आणि २४ मे २०२३ ला निधनही तिथेच. त्या काळात ‘बियॉन्ड’ नावाच्या प्रार्थना-संगीताच्या प्रकल्पात ती सहभागी झाली. त्यात पुण्याच्या शास्त्रीय गायिका सावनी शेंडे-साठ्ये यांचाही आवाज आहे, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. जरूर शोधून ऐका.

स्वतः पडताळायचं असेल तर चार ठिकाणं पुरतात: ब्रिटनसाठी ऑफिशियल चार्ट्सचं संकेतस्थळ आणि बीपीआय या तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची प्रमाणपत्रांची यादी, अमेरिकेसाठी चार्ट छापणाऱ्या बिलबोर्ड मासिकाचे जुने अंक आणि आरआयएए या तिथल्या तशाच संघटनेची यादी. बिलबोर्डचा अल्बम चार्ट मे १९९१ पूर्वी दुकानांनी कळवलेल्या क्रमवारीवर चाले, काउंटरवरच्या प्रत्यक्ष नोंदीवर नव्हे. त्यामुळे ३१ आणि २९ यांतल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९८३ पासून गॅलप ही सर्वेक्षण संस्था दुकानांतल्या यंत्रांवरून विक्रीचे आकडे गोळा करत होती, म्हणून तिकडचा १९८९ चा आकडा जास्त भरवशाचा.