एम20 आणि 20 मिमी कव्हर समुद्राजवळच्या घराला पुरणार नाही

मालवणात समुद्रापासून 300 मीटरवर घर बांधताय आणि ठेकेदार म्हणतो, एम20 काँक्रीट (20 हा ताकदीचा आकडा), 20 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), सातव्या दिवशी सेंट्रिंग (काँक्रीटखालचा साचा आणि टेकू) खोलू. पहिल्या दोन गोष्टींना ठाम नकार द्या. तिसरीत त्याचं थोडं बरोबर आहे.

आयएस 456:2000 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये हवामानाच्या माऱ्यानुसार पाच वर्ग आहेत. ठेकेदाराचे आकडे सर्वांत सौम्य वर्गाचे आहेत. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटचा वर्ग ‘तीव्र’: किमान एम30, घनमीटरला निदान 320 किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45, कव्हर 45 मिमी. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वेंगुर्ल्याकडे एका घराच्या दुरुस्तीत मी कॉलमचे पोपडे काढले, तर रिंगा (उभ्या सळयांभोवतीच्या बारीक सळईच्या चौकटी) हाताने मोडत होत्या. कव्हर जेमतेम 15 मिमी. कव्हर ब्लॉकऐवजी (कव्हर राखणारे ठोकळे) खडीचे तुकडे सारलेले, काँक्रीट ओतताना ते सरकले होते.

कव्हर सर्वांत बाहेरच्या लोखंडापासून मोजतात, म्हणजे कॉलम-बीममध्ये रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून. आणि साइटवर परस्पर कव्हर वाढवू नका. स्लॅबची जाडी तीच ठेवून सळई वर उचलली तर ताकद घटते. आरसीसी कन्सल्टंटकडून (स्ट्रक्चरल इंजिनिअर) ड्रॉइंगच बदलून घ्या.

घमेल्यांच्या मापाने एम30 होत नाही. कोडमध्ये ठरावीक प्रमाणाचं मिश्रण एम20 पर्यंतच चालतं, त्यापुढे प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन (मिश्रणाचं नेमकं प्रमाण) करून घ्यावं लागतं. 0.45 म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, ओल्या वाळूतलं धरून. मिस्त्री ‘माल घट्ट झालाय’ म्हणून बादली ओततो, तिथेच सगळं बिघडतं. पाणी न वाढवता माल मऊ करणारं प्लास्टिसायझर वापरा.

आता सेंट्रिंग. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी काढता येतात, पण 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14 दिवसांनी. तुम्ही पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल, तर ते सावकाश ताकद धरतं, म्हणून कन्सल्टंटला विचारून मुदत वाढवा. पाणी ओपीसीला निदान 7 दिवस, पीपीसीला निदान 10 दिवस मारा.

क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरायला विसरू नका: 6 ते 15 घनमीटर काँक्रीटला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, 28 दिवसांनी चाचणी. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी कन्सल्टंटला सळई आणि कव्हर ब्लॉक दाखवा. त्यांनी पाहिल्याशिवाय मिक्सर सुरू करू देऊ नका.