फुगा मोजताना घाई नको

तू आता धुळ्यात एकटाच इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पोटाची सोनोग्राफी बघणार, म्हणून एवढं सांगतो. साठीच्या पुढचा, बिडी ओढणारा शेतकरी ‘मनी पाठ दुखस’ म्हणत आला, तर किडनीतला खडा शोधून थांबू नकोस. प्रोब मधोमध ठेव, महाधमनी बघ. पोटात ती साधारण २ सेंमी असते. ३ किंवा जास्त भरली की अॅन्युरिझम, म्हणजे धमनीला आलेला फुगा.

मी सुरुवातीला चुकलो ते इथेच. यावलकडचे एक केळीवाले बाबा होते. आतली काळी, रक्त वाहणारी जागा तेवढी मोजली, ३.८ लिहिलं. भिंतीला चिकटलेली करडी गुठळी मी मोजलीच नव्हती. सीटीत ५.६ निघालं! तेव्हापासून पोटात बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजतो, तेही काटकोनात. तिरका छेद घेतलास तर गोल नळी लांबट दिसते नि आकडा फुगतो. पुरुषांत ५.५ च्या आसपास ऑपरेशनचा विचार होतो, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरही महाग पडतात.

छातीत इकोला महाधमनीचा मुळाजवळचा, हृदयातून निघतानाचा भाग बरा दिसतो. पुढचा बराचसा फुप्फुसाआड जातो, तिथे सीटीच. मुळाशी मोजायचं तर ईसीजी-गेटेड, म्हणजे ठोक्यांशी जुळवून काढलेला सीटी सांग, नाहीतर ठोक्यांमुळे भिंत दुहेरी दिसते आणि उगाच डिसेक्शनची (भिंतीचे थर फाटल्याची) शंका येते. महाधमनीची झडप दोन पाकळ्यांची दिसली, तर वरची महाधमनी न मोजता रिपोर्टवर सही करू नकोस.

आणि हो, पोटाच्या तपासणीला उपाशी बोलाव. रात्रीच्या शेवभाजीनंतर गॅसशिवाय काही दिसत नाही.