अर्थच्या खड्ड्याला पाणी

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

डोंगरावरच्या ट्रान्समीटरवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. पोरगी इंजिनिअर झाली आणि माळावर राखणीला बसली, असं भावकीतलं कुणीतरी म्हणालंच असेल. म्हणू दे. माझीही तीस वर्षं अशाच माळांवर गेली. त्यातलं जे कुठल्या मॅन्युअलात सापडणार नाही, तेवढंच लिहितो.

आधी डोंगरच का, ते डोक्यात पक्कं असू दे. परभणी आकाशवाणीची मीडियम वेव्ह १३०५ किलोहर्ट्झची, म्हणजे लहर सुमारे २३० मीटर लांब. ती जमिनीला धरून जाते आणि आपली काळी, ओल धरणारी माती तिला मानवते. तिला डोंगर लागत नाही. एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची. तिला समोरचं दिसावं लागतं, मध्ये बालाघाटाची एखादी धार आली की पलीकडची वाडी सावलीत जाते. म्हणून टीव्हीचे मोठे टॉवर म्हैसमाळला, अंबाजोगाईला उंचावर चढले. पण वर चढलं की पायाखालची माती संपते. हातभर मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तुझी निम्मी डोकेदुखी त्या पाषाणातच आहे.

वीज टॉवरवर पडणारच. तिला जमिनीत जायला वाट करून देणं आपलं काम, आणि दगड ती वाट देत नाही. म्हणून टॉवरपासून निघालेली अर्थिंगची तांब्याची पट्टी उताराने खाली, जिथं थोडी माती साचलेली असते तिथवर न्यायची, तिथले दोन-तीन अर्थचे खड्डे, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारे खड्डे, एकमेकांना जोडायचे आणि त्यांच्यात ओल टिकवायची. गोम अशी, की आपल्याकडे विजा सगळ्यात जास्त तडतडतात त्या एप्रिल-मेच्या अवकाळीत आणि मृगाच्या तोंडावर. नेमका तेव्हाच खड्डा ठणठणीत कोरडा असतो. पावसाळ्यात घेतलेलं अर्थच्या रोधाचं रीडिंग (जितकं कमी तितकं चांगलं) बघून खूश होऊ नकोस. खरं रीडिंग मे महिन्यातलं.

२०१६चा उन्हाळा तुला आठवत असेल. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आमच्या माळावर आठवड्याला एक टँकर यायचा. मी नियमाप्रमाणे दोन बॅरल अर्थच्या खड्ड्यात ओतायला सांगितले. तारेच्या कुंपणापलीकडे तांड्यावरच्या तीन बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. बोलला तो आमचा वॉचमन, "साहेब, माणसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही खड्ड्याला पाजायलाव." मला उत्तर सुचलं नाही. बॅरल कुंपणाकडे सरकवले. संध्याकाळी आम्ही दोघांनी मोरीचा पाइप तोडून नळी खड्ड्यापर्यंत नेली, आणि तिथून पुढं आमची आंघोळ, भांडी, धुणं सगळं अर्थला जायचं. अर्थ टेस्टरवरचा आकडा त्या पाण्यानंही उतरला. खड्ड्याला सांडपाणी चालतं, एवढी साधी गोष्ट मला माणसासमोर लाज वाटल्यावर सुचली.

दुसरी फजिती सांगतो. एका जूनमध्ये ट्रान्समीटरची पॉवर मॉड्यूल एकामागून एक जळायला लागली. मी तीन दिवस खोक्यात डोकं घालून बसलो. चौथ्या दिवशी शेळ्या राखणारं एक पोरगं दारात येऊन म्हणालं, तुमची तांब्याची पट्टी खाली वढ्याजवळ कुणीतरी कापून नेलीय. विजेला जमिनीत जायला वाटच उरली नव्हती. त्याला ते आठवडाभर माहीत होतं, पण त्याला विचारतंय कोण! तेव्हापासून रुजू झाल्यावर मी आधी टॉवरचा पायथा आणि पट्टीचा अख्खा रस्ता चालून बघतो, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलतो, मग आत येऊन मीटर बघतो.

लायटीचं फार लिहीत नाही, ते तुला आठवड्यात कळेल. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. एका फेजचा डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला तर ट्रान्समीटर गार ठेवणाऱ्या ब्लोअरची मोटार जळते, म्हणून सिंगल फेजिंगचा रिले, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा, चालू आहे ना ते स्वतः तपास. लाईनमनचा नंबर पाठ असू दे, आणि त्याला फक्त लाईट गेल्यावरच फोन करू नकोस.

आता तक्रारी. "तुमचं केंद्र खरखरतं" म्हणून फोन येईल, मीटर सगळे ठीक दाखवतील. अशा वेळी वाद घालू नये, सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन त्या गावात जावं. मीडियम वेव्ह लाव आणि रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरव. आतली फेराइटची कांडी रेडिओच्या लांबीला समांतर असते. तिचं टोक आवाजाच्या उगमाकडे वळलं की खरखर सगळ्यात कमी होते. त्या रोखानं चालत जा. किनवटकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी मी असा पोचलो, तर सेकंदाला एक टिक, टिक, टिक. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन! तारेवर ओली वेल चढली होती, तिथं ठिणगी उडत होती. वेल काढली, रेडिओ स्वच्छ. बाकी बहुतेक वेळा स्वस्तातला एलईडी बल्ब नाहीतर मोबाइलचा चार्जर निघतो. म्हातारी चहा पाजते आणि पुढच्या वर्षी खरा बिघाड झाला की सगळ्यात आधी तिचाच फोन येतो.

टॉवरवर चढण्याआधी पॉवर बंद कर, स्विचला कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात. पट्टा पूर्ण अंगाचाच. वर आग्या मोहोळ असेल तर शहाणपणा नको, मोहोळ काढणाऱ्याला बोलाव. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण तू वर असताना मोजायची वेळ यायलाच नको. घड्याळ बघत "थोडंच राहिलंय" म्हणणारे साहेब तुला भेटतील. त्यांना फोनवर खुशाल नाही म्हण, आणि लॉगबुकात वेळ टाकून लिही.

आणखी एक. ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणाऱ्या फीडर केबलमधली हवा कोरडी ठेवणाऱ्या डिहायड्रेटरमधली सिलिका जेल निळी असते, ओल धरली की गुलाबी होते. श्रावणात रोज बघत जा.

जाताना चांगली बॅटरी, गमबूट आणि तो ट्रान्झिस्टर ने. तिथल्या खोलीत बायकांसाठी वेगळं न्हाणीघर नाही असं ऐकलं. ते गेल्या गेल्या लेखी माग, लाजू नकोस, आणि त्याचं पाणी कुठं सोडायचं तेही त्याच अर्जात लिही. पहिल्या आठवड्यात अर्थचं रीडिंग घेऊन मला कळव. मेमधलंही कळव.

तुझा,
काका

ता. क. वॉचमनला आधी नाव विचार, मग स्विचरूमची किल्ली माग.